सांगकाम्या

११ जून

ती. ताईस, सा. न.

फोनवर तीनदा समजावलं, तिन्ही वेळा तू "कळलं, कळलं" म्हणालीस आणि चौथ्यांदा फोन केलास. म्हणून हे पत्र. नाहीतरी फोनवर आपलं भांडण होतं, आणि मग कोण काय बोललं यावरून दुसरं भांडण. कागदावर लिहिलेलं निदान नाकारता येत नाही. हे हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये, तुझ्या कॉम्प्युटरशेजारच्या भिंतीवर चिकटव.

तुझ्या मशिनवर मी जो एडिटर, म्हणजे टाईप करायचा प्रोग्राम, टाकलाय, त्यात "मागणी" नावाचं फोल्डर आहे. त्या फोल्डरमध्ये मी एक फाईल लपवून ठेवली आहे. तिला मी सांगकाम्या म्हणतो. तू औषधांची यादी टाईप करायची आणि सेव्ह करायची, बस. सेव्ह केलंस की सांगकाम्या आपोआप उठतो, औषधं अक्षरवार लावतो, शेवटच्या रकान्यातले आकडे पूर्ण करतो आणि शेजारी छापायची प्रत तयार ठेवतो. आकडे पूर्ण म्हणजे असं, की साडेतीन बाटल्या लागणार असतील तर छापायच्या प्रतीत चार येतात. अर्धी बाटली कुणी विकत नाही. तुझ्या मूळ यादीला तो हात लावत नाही, स्क्रीनवर तुझे साडेतीन साडेतीनच दिसतील. खाली कोपऱ्यात "प्रत तयार" अशी ओळ चमकली की काम झालं.

सांगकाम्या त्या फोल्डरपुरताच आहे, बाहेर त्याची सत्ता नाही. फोल्डर पहिल्यांदा उघडशील तेव्हा एडिटर विचारेल, "हे बनवणाऱ्यावर तुमचा विश्वास आहे का? यातल्या आज्ञा चालवू का?" घाबरून मला फोन करू नकोस. हो म्हण. खाली "नेहमीच हो, पुन्हा विचारू नका" असा चौकोन आहे, त्यावर खूण कर. म्हणजे तो तुला विचारणार नाही आणि तू मला.

आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह करत जा. तुझं अर्धं आयुष्य लाईट गेली म्हणून पुन्हा टाईप करण्यात गेलंय.

तुझा धाकटा

*

४ मार्च, चार वर्षांनंतर

चि. सोन्यास, अनेक आशीर्वाद.

आई तुला सोन्या म्हणते म्हणून मीही म्हणते, एरवी तुझे गुण मला ठाऊक आहेत. आज थट्टा करायची ताकद नाही. माझ्या हातून, म्हणजे माझ्या सहीने, एक भयंकर गोष्ट झाली आहे आणि ती कशी झाली ते मला कळत नाही.

वॉर्डातल्या कपाटांवर औषधांच्या मात्रांचे तक्ते लावलेले असतात ते तू पाहिलेस. इतकी वर्षं ते मी हाताने लिहायची. मोठे डॉक्टर म्हणाले, आता टाईप केलेले हवेत. मी कुठून सुरू करणार? मागणीचं अख्खं फोल्डर उचललं, कॉपी केलं, नाव बदलून "मात्रा" केलं, आतल्या याद्या पुसल्या आणि तक्ते टाईप केले. उघडताना ते पुन्हा विश्वासाचं विचारायला लागलं. मी भिंतीवरचं तुझं पत्र पाहिलं आणि हो म्हटलं. स्क्रीनवर एकेक ओळ दोनदा वाचली, छापलं, सही केली, लावलं.

तपासणीआधी मुलांना शांत करायचं एक सिरप देतात. सगळ्यात कमी वजनाच्या मुलांना अर्धा मिली. तक्त्यावर एक मिली छापलं गेलं. दुप्पट. सोमवारी अकरा महिन्यांच्या एका मुलीला ते तसं दिलं गेलं. तिचा श्वास मंद झाला. वॉर्डातल्या सिस्टरचं लक्ष होतं म्हणून वाचली. दोन दिवस नळ्या लावून ठेवली होती, काल डोळे उघडून रडली. त्या रडण्याने सगळा वॉर्ड हसला, मी स्टोअरचं दार लावून बसले.

मी धावत येऊन फाईल उघडली. स्क्रीनवर अर्धाच आहे. सवयीने सेव्ह केली, पुन्हा पाहिली, अर्धाच. मी अर्धा लिहिला आणि कागदावर एक आला, हे कसं? चौकशी समिती नेमली आहे. माझी फार्मासिस्टची नोंदणी रद्द होऊ शकते. बावीस वर्षांत एक चिठ्ठी चुकली नाही माझी, आणि आता मला पुन्हा कधी औषधाच्या बाटलीला हात लावता येईल की नाही ते तीन माणसं ठरवणार.

तुला दुरून माझ्या मशिनमध्ये शिरायचा आकडा माहीत आहे, तो बदललेला नाही. एकदा आत येऊन बघ. तुझ्या कामात खोट असेल असं मला वाटत नाही, पण तुझे डोळे या बाबतीत माझ्यापेक्षा चांगले आहेत.

तुझी ताई

*

९ मार्च

ती. ताईस,

पत्र मिळालं. मुलगी बरी आहे हे वाचलं तेव्हा जिवात जीव आला.

मी परवा आत येऊन सगळं पाहिलं. एडिटर ठीक आहे. फाईल ठीक आहे. मशीनमध्ये काही सापडलं नाही. ताई, रागावू नकोस, पण दमलेल्या माणसाच्या हातून टाईप करताना होतं असं. आधी एक पडला असेल, नंतर तुला दिसला म्हणून तू अर्धा केला असशील आणि विसरली असशील. आणि कागदावर सही करण्याआधी कागद वाचायचा, स्क्रीन नाही, हे तर तूच मला लहानपणी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही आणायला पाठवताना शिकवलंस.

समितीपुढे नम्रपणे चूक मान्य कर. बावीस वर्षांचा शब्द आहे तुझा, सोडतील. फोल्डर-बिल्डरचं काही बोलू नकोस, त्यांना कळणार नाही आणि उगाच फाटे फुटतील.

इकडे कामाचा डोंगर आहे. या महिन्यात मला कायम करायचं ठरतंय, म्हणून येता येत नाही.

तुझा धाकटा

*

१५ मार्च

चि.,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मायेने आणि दुसऱ्यांदा नीट.

कागद न वाचता सही केली, हे खरं आहे. ते मी समितीला पहिल्याच दिवशी सांगितलं, तुझ्या सल्ल्याची वाट न पाहता. पण एक टाईप केला आणि विसरले? मी? आईच्या गोळ्या तोंडपाठ सांगते मी, तुझ्या तिसरीतल्या गोवराच्या औषधासकट. मी अर्धा लिहिला होता.

समितीने कॉम्प्युटरचा एक माणूस बोलावला. चष्मेवाला, विशीतला, चहा पिताना कप माझ्या रजिस्टरवर ठेवणारा. त्याने माझ्यासमोर तक्ता सेव्ह केला, छापला. कागदावर अर्धा आला. तो म्हणाला, "बाई, मशीन खोटं बोलत नाही." मग त्याने काहीही करण्याआधी टिपून ठेवलेली फाईलची वेळ दाखवली. शेवटचं सेव्ह सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे मुलीला औषध दिल्यावर. झालं. मूळची चूक मी नंतर गुपचूप दुरुस्त केली आणि आता नाकाने कांदे सोलते आहे, असा अर्थ निघाला. इतके दिवस मी निष्काळजी होते, आता लबाडही झाले. निष्काळजीला सहा महिने घरी बसवतात, लबाडाची नोंदणीच काढतात. तक्ते माझ्याकडून काढून घेतले आहेत, मागणीची यादी तेवढी ठेवली.

बाहेर बाकावर त्या मुलीची आई बसलेली असते. काल तिने मला विचारलं, "ते तक्ते तुम्हीच लिहिता का?" मी हो म्हटलं. ती मांडीवरच्या पिशवीचे बंद नीट करत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

एक विचारायचं आहे. चष्मेवाल्याने सेव्ह केलं तेव्हा कोपऱ्यात "प्रत तयार" ही ओळ आली नाही. चार वर्षं येत होती. त्याने सरळ स्क्रीनवरचंच छापलं. तू पाहिलंस तेव्हा ती ओळ येत होती का?

ताई

*

१९ मार्च

ताई,

एडिटर अधूनमधून स्वतःच अपडेट होतो, त्यात जुन्या गोष्टी बंद पडतात. ओळ आली नाही तर नाही आली. एका ओळीवर काय घेऊन बसलीस?

आणि खरं सांगू का, तुझा सूर मला आवडला नाही. मी तुला फुकट सगळं करून दिलं, चार वर्षं तुझी यादी बिनचूक गेली, तेव्हा एकदाही पत्र आलं नाही. आता काही बिघडलं तर आधी धाकटा आठवला. घरात काच फुटली की मी, कुलूप हरवलं की मी. मी आता छत्तीस वर्षांचा आहे. तू लपलेल्या गोष्टींसकट फोल्डर उचलून दुसरीकडे न्यायचंस आणि दोष द्यायचा मला, हा कुठला न्याय? कुणी सांगितलं होतं कॉपी करायला?

सही तुझी आहे. मी सांगितलं तसं मान्य करून मोकळी हो.

धाकटा

*

२४ मार्च

धाकट्या,

आज सकाळी औषधं पुरवणाऱ्या दुकानातून फोन आला. तिथला म्हातारा कारकून मला बावीस वर्षं ओळखतो. म्हणाला, "ताई, साडेतीन बाटल्या मागवल्या आहेत, पुढे अडीच, त्यापुढे साडेसात. अर्धी कशी पाठवू, दोरा बांधून कापू?" आणि हसला. मीही हसले. फोन ठेवला आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

कारण चार वर्षांत त्याला अर्ध्या बाटलीची मागणी कधी गेली नव्हती. मी नेहमी साडेतीनच टाईप करते. साडेतीनचे चार कोण करत होतं?

मी भिंतीपाशी गेले. तुझं पत्र तिथेच आहे, पिवळं पडलंय, कोपरा उंदराने खाल्लाय, पण अक्षर स्वच्छ. "शेवटच्या रकान्यातले आकडे पूर्ण करतो." चार वर्षं ते माझ्या नाकासमोर होतं आणि मी त्यातलं फक्त "हो म्हण" एवढंच वाचत आले. माझ्या मात्रांच्या तक्त्यातही मात्रा शेवटच्याच रकान्यात आहे. अर्ध्याचा एक. मोठ्या मुलांच्या अडीचचे तीन झाले असतील, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. वॉर्डातला जुना कागद मागून घेऊन पाहिला. तीनच आहेत.

इथवर माझी चूक. न कळता तुझा सांगकाम्या मी चुकीच्या घरी नेऊन ठेवला, त्याने सांगितलेलं काम केलं. तुझ्यावर मी कधीच रागावले नसते. तू मला "ताई, सांगकाम्याने केलं गं" एवढं म्हणाला असतास तर मी तुझा हात धरून समितीपुढे गेले असते आणि तुझ्याआधी मी बोलले असते.

पण मागणीच्या फोल्डरातला सांगकाम्या तर कुणी कॉपी केला नव्हता. तो का बंद पडला? अपडेट? मशीन गेले सहा महिने इंटरनेटला रात्रंदिवस जोडलेलं आहे, तेव्हा अपडेट झालं नाही, आणि तू "आत येऊन पाहिलंस" त्याच आठवड्यात झालं. आणि गेल्या पत्रात तू लिहिलंस, "लपलेल्या गोष्टींसकट." मी तुला लपलेल्या गोष्टींचं काही लिहिलं नव्हतं रे. मला त्या आठवतही नव्हत्या. माझं पहिलं पत्र वाचलंस त्या क्षणी तुला सगळं कळलं होतं.

तू आत आलास, दोन्ही फोल्डरांतून सांगकाम्या पुसलास, चुकीची प्रत पुसलीस, आणि बाहेर येऊन मला लिहिलंस की दमलेल्या माणसाच्या हातून होतं असं. मी निर्दोष नव्हते, पण खोटारडी नव्हते. मी खोटारडी नाही याचा मशीनमध्ये एकच पुरावा होता आणि तो माझ्या भावाने पुसला. वर मला प्रगतिपुस्तकाची आठवण. तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मी करत असे, विसरलास? तेव्हाही मार मीच खाल्ला.

उत्तर लिही. फोन केलास तर उचलणार नाही.

*

२७ मार्च

ताई,

हो.

तुझं पत्र वाचता वाचताच कळलं होतं. "मागणीचं अख्खं फोल्डर उचललं" इथवर आलो आणि पुढचं वाचायची गरजच राहिली नाही. आमच्या कंपनीचा नियम आहे, हॉस्पिटलांची कामं कुणी खासगीत करायची नाहीत. कंपनी हॉस्पिटलांचीच सॉफ्टवेअर बनवते. आणि मला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर. माझी फाईल एका अकरा महिन्यांच्या मुलीच्या... मला ते लिहवत नाही.

मी फक्त बघायला म्हणून आत आलो होतो. खरंच. फाईल समोर दिसली, बारा ओळींची. इतकी छोटी. वाटलं, ही नसती तर. हाताने पुसली गेली. मग दुसऱ्या फोल्डरातली. मग प्रत. तुझी बावीस वर्षांची नोकरी, तुला सोडतील, मला सोडणार नाहीत, असा हिशेब मनात केला. चष्मेवाला येईल, तू लबाड ठरशील, हे डोक्यात आलं नाही. आलं असतं तर? माहीत नाही. मला स्वतःची भीती वाटते.

ताई, हे पत्र वाचून जाळून टाक. मी दुसरा काही मार्ग काढतो. समितीला लांबणीवर टाकायला सांग. थोडा वेळ दे.

धाकटा

*

२९ मार्च

पत्र जाळलेलं नाही.

पहिलं पत्र भिंतीवरून काढलं. ते, तुझी ९, १९ आणि २७ तारखेची पत्रं, आणि कागद न वाचता सही केल्याचा माझा जबाब, सगळं एका पाकिटात घातलं आहे. पाकीट माझ्या पर्समध्ये आहे. तूच लिहिलं होतंस ना, कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही.

समिती येत्या सोमवारी अकराला बसते, पहिला मजला, जिन्यासमोरची खोली. तू आलास तर तू बोल, मी पाकीट उघडणार नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी नसलास तर मी वाचायला सुरुवात करीन. तुझ्या अक्षरात, तुझ्या शब्दांत, "हे पत्र जाळून टाक" यासकट.

आईला यातलं काही कळवलेलं नाही. तिच्याकडे धावू नकोस.

*

२० एप्रिल

चि.,

निकाल आला. माझी नोंदणी राहिली. सहा महिने सही करायची नाही, आणि पुढे कुठलाही तक्ता छापल्यावर कागद हातात धरून दोघांनी मोठ्याने वाचायचा, मगच लावायचा. हे बावीस वर्षांपूर्वीच असायला हवं होतं. शिक्षा योग्य आहे आणि ती मी भोगते आहे. तू सांगितलेल्या तारखेवर चष्मेवाल्याला मशीनच्या नोंदींत तुझं आत येणं सापडलं. त्याने माझी माफी मागितली, कप मात्र पुन्हा रजिस्टरवरच ठेवला.

तू अकराला दहा कमी असताना आलास ते मी खिडकीतून पाहत होते. बाकावर त्या मुलीची आई होती. तिने शेजारची पिशवी मांडीवर घेऊन तुला जागा करून दिली. तू बसलास. तिने काहीतरी विचारलं, तू काहीतरी सांगितलंस, आणि तिने पिशवी परत बाकावर, तुमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. तू उठून उभा राहिलास. आत बोलावेपर्यंत दहा मिनिटं तू भिंतीला न टेकता उभा होतास. मी दार उघडून तुला आत घेऊ शकले असते. घेतलं नाही.

आत तू चांगलं बोललास. सबबी सांगितल्या नाहीस. मी पाकिटावर हात ठेवून बसले होते, तो हात शेवटपर्यंत उचलावा लागला नाही. पाकीट अजून माझ्याकडे आहे, आणि राहील.

तुझी नोकरी गेली हे आईकडून कळलं. वाईट वाटलं. रडू आलं. पण राग गेलेला नाही, उगाच गोड बोलणार नाही. भांडी घासताना येतो, जिना चढताना येतो. चूक झाली त्याचा राग नाहीच. मला खोटं ठरवताना तुझा हात थरथरला नाही त्याचा आहे.

काल स्टोअरमध्ये नवं मशीन आलं. फोल्डर उघडलं तर तेच विचारलं, बनवणाऱ्यावर विश्वास आहे का. मी चष्मेवाल्याला खुर्चीत बसवलं, आतली एकेक ओळ मला समजावून सांगायला लावली, तासभर गेला, तो वैतागला. मग हो म्हटलं. "नेहमीच"च्या चौकोनाला हात लावला नाही. रोज विचारेल, रोज बघू.

आईकरवी तू विचारलंस की पूर्वीसारखं दर रविवारी जेवायला येऊ का. तिला काय सांगायचं ते मी सांगेन, पण तुला उत्तर मीच द्यावं असं वाटलं.

या रविवारी ये. पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी विचार.

ताई